दुनळीचा सूर

थाटीपुरात आमच्या घरी दसऱ्याला पाटावर दोन वस्तू शेजारी शेजारी मांडल्या जात. एक वडिलांचा तंबोरा आणि दुसरी त्यांची दुनळी बंदूक. दोघांनाही हळद-कुंकू, दोघांनाही झेंडूची माळ आणि नंतर दोघांवर मिळून आपट्याचे सोने. लहानपणी मला वाटे की सगळ्याच गवयांच्या घरी बंदूक असते. पुढे कळले की ती एका सरदाराने वडिलांचे गाणे ऐकून शालजोडीऐवजी दिली होती. शाल कसरीने केव्हाच खाल्ली असती, बंदूक राहिली.

वडील शिंदे सरकारच्या दरबारी गवयांपैकी अगदी शेवटच्या पिढीतले. १९४८ साली मध्य भारत संघ झाला आणि दरबार संपला, तेव्हा ते नुकते विशीत आले होते. पुढची सारी हयात त्यांनी शिकवण्या करण्यात घालवली. मी त्यांचे शेंडेफळ. त्यांच्या पन्नाशीनंतर झालेले. म्हणूनच आज चाळिशीत असलेला माझ्यासारखा संगीतशिक्षक 'आमचे वडील दरबारी होते' असे म्हणतो, तेव्हा ऐकणारा आधी मनात वर्षांची बेरीज करतो आणि मग माझ्याकडे संशयाने पाहतो. असो.

वडील गेले, तेव्हा तंबोरा माझ्याकडे आला. त्याला कोणाची परवानगी लागली नाही. बंदुकीचे तसे नसते. परवाना माणसाच्या नावाचा. माणूस गेला की त्याच्या घरच्यांनी ते हत्यार पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे, असा कायदा आहे. आम्ही ती लष्करातील एका विक्रेत्याकडे ठेवली आणि नेहमीच्या आळसाने विसरलो. खरे तर वडील हयात असतानाच हे काम होण्याजोगे होते. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली, किंवा हत्यार पंचवीस वर्षे बाळगले, की तो आपल्या वारसाच्या नावे परवान्याची मागणी करू शकतो. वडिलांच्या बाबतीत दोन्ही अटी केव्हाच पूर्ण झाल्या होत्या. पण बापाच्या डोळ्यांदेखत त्याची वस्तू आपल्या नावावर करून मागणे मला जमले नाही. या संकोचाची किंमत पुढे हेलपाट्यांनी चुकवली.

ग्वाल्हेरकरांना बंदुकीचे नवल नाही. चंबळ आमच्या उशाशी. खांद्याला दोनाली अडकवून मोटारसायकलवरून बाजाराला जाणारा माणूस इथे कोणी वळून पाहत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यांत बंदुका जमा करायला रांगा लागतात. २०१९ साली तर इथल्या जिल्हा प्रशासनाने परवाना हवा असेल त्याने आधी दहा झाडे लावावीत, असा फतवा काढला होता. आणि त्याआधी २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला परवान्यात झुकते माप देण्याची योजना निघाली होती. ज्या मुलखात एवढ्या गोष्टी बंदुकीच्या ओढीवर करवून घेता येतात, तिथे एका मास्तराने वडिलांची बंदूक परत मागितली तर त्यात विशेष ते काय?

पण विशेष निघाले. विक्रेत्याच्या कारकुनाने मला बाजूला घेऊन सुचवले, "मास्टरसाहब, इसे एंटीक लिखवा दीजिए. लाइसेंस की झंझट ही खतम." त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे. मी घरी येऊन ते कलम नीट वाचले. सूट आहे, पण तिला एक शेपूट आहे : ते हत्यार दुरुस्ती न करता किंवा दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. 'दुरुस्ती करूनही' या दोन शब्दांशी मी अडलो. आमची बंदूक मेली आहे की फक्त आजारी आहे, हे कारकुनाला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. ते सांगणारा माणूस मिस्त्रीच असला पाहिजे.

घरात दोन पक्ष पडले. थोरले बंधू म्हणाले, "नळ्यांत शिसे ओतून बंद करून टाक आणि भिंतीवर लाव, वर्षातून एकदा पुसायची." पुतण्या म्हणाला, "काका, नीट करून आणा, माझ्या लग्नात दोन बार काढू." आई असती तर दोघांना गप्प केले असते. मी दोघांपैकी कोणाचेच ऐकले नाही आणि विक्रेत्याच्या ओळखीने एका परवानाधारक मिस्त्रीकडे ती तपासायला दिली. बंदूक विकायलाच नव्हे, तर दुरुस्त करायला आणि तिची चाचणी घ्यायलाही परवाना लागतो, हे इथे सांगितलेले बरे. गल्लीतल्या लोहाराकडे ती नेणे हा गुन्हा आहे, आणि मूर्खपणाही.

मिस्त्री सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी बंदूक हातात घेतली ती आपण परक्याचे वाद्य घेतो तशी, म्हणजे आधी वजन पाहून. मग नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या, खिडकीकडे धरून आतून पाहिल्या, आणि एक दोरी काढून मागच्या खालच्या खोबणीत अडकवून त्या छताच्या हुकाला टांगल्या. मला वाटले वाळायला घालताहेत. त्यांनी वाकवलेल्या बोटाच्या पेराने नळीवर टिचकी मारली.

'भद्' असा आवाज आला, ओल्या मडक्याचा.

मिस्त्री माझ्याकडे पाहून म्हणाले, "कान तो आपके पास भी हैं. बताइए, सुर में है?"

ही युक्ती बंदूकवाल्यांत फार जुनी आहे आणि साऱ्या जगात चालते. मलाच ती ठाऊक नव्हती. दुनळीच्या दोन नळ्या वर एक आणि खाली एक अशा लांब पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि ही सारी जोडणी कथिलाच्या डाखाने केलेली असते. डाख सगळीकडे शाबूत असेल तर दोन नळ्या व दोन पट्ट्या मिळून धातूचा एकच तुकडा होतो, आणि टांगून ठोकला की तो घंटेसारखा वाजतो. कुठे बोटभर जरी डाख सुटला, तरी तिथे पट्टी नळीला घासते आणि नाद जागच्या जागी मारून टाकते. तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला की जवारी कितीही लावा, सूर बसका येतो, तसेच हे. वडिलांच्या बंदुकीला आतून तडा होता, आणि तो डोळ्यांना दिसत नव्हता.

डाख का सुटला, याचे उत्तर शोधताना मलाच मान खाली घालावी लागली. वीसएक वर्षांपूर्वी ती बंदूक गंजल्यासारखी दिसते म्हणून मीच वडिलांना आग्रह करून एका दुकानात 'काळी करून' आणायला दिली होती. ती चकचकीत काळी होऊन आली, आणि आम्ही खूश झालो. वडील मात्र म्हणाले होते, "अरे, तिच्या अंगावर नक्षी होती, ती कुठे गेली?" मी म्हटले, "नाना, ती नक्षी नव्हे, गंज होता." आता मिस्त्रींनी सांगितले तेव्हा समजले की वडीलच बरोबर होते.

त्या नळ्या दमास्कस पद्धतीच्या. एकोणिसाव्या शतकात लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र तापवून पिळत, पिळलेल्या कांबी जोडून त्यांची फीत करीत, ती फीत एका दांड्याभोवती गुंडाळून घणाखाली जोडीत, आणि मग आतून पोखरून नळी करीत. इंग्लंडात बर्मिंगहॅमला आणि बेल्जममध्ये लिएजला हे काम करणाऱ्यांच्या पेठाच होत्या. अशा नळीवर जाणूनबुजून, दिवसामागून दिवस, पातळ गंज चढवून तो घासून काढतात. लोखंड आणि पोलाद सारखे गंजत नाहीत. त्यामुळे आतला पीळ वर उमटतो, आणि नळीवर तपकिरी-काळ्या लाटा दिसू लागतात. वडील म्हणत ती हीच नक्षी. तो गंज म्हणजे तिचा शृंगार होता आणि मी तो धुऊन टाकण्याचा हट्ट धरला होता.

काळे करण्याची आजची झटपट रीत निराळी आहे. कॉस्टिक सोडा आणि सोरा यांच्या उकळत्या पाण्यात धातू बुडवतात. अर्ध्या तासात गडद काळा रंग चढतो. एकनळी बंदुकीला किंवा रायफलीला ती चालते. पण जिथे कथिलाचा डाख आहे तिथे ते द्रावण डाख खाते, आणि पट्ट्यांखालच्या पोकळीत शिरून राहते. वर काळोखी तकाकी आणि आत वर्षानुवर्षे चालू असलेला गंज! ज्याने ते केले त्याला हे ठाऊक असायला हवे होते. पण त्याला दोष देण्याआधी मी स्वतःला देतो. मी विचारले ते एवढेच की, "चकचकीत होईल ना?"

पट्ट्या काढल्या, तेव्हा आतून तपकिरी पीठ सांडले. ते काम मी बसून पाहिले. नळ्या बाहेरून तपासल्या, पोकळी घासून स्वच्छ केली, कथिलाची नवी कल्हई केली, आणि तारेने आवळून, मधे मधे लहान पाचरी मारून पट्ट्या पुन्हा बसवल्या. उष्णता जास्त झाली तर नळ्या वाकतात, कमी झाली तर डाख धरत नाही. मिस्त्री थर्मामीटर वापरत नव्हते; कथिल कसे वाहते हे पाहत होते. माझ्या घरी पेटी दुरुस्त करायला येणारा कारागीरही स्वरपट्ट्या अशाच नजरेने खरवडतो.

पण डाख हा सगळ्यांत सोपा भाग. खरी चिंता नळीच्या भिंतीची होती. बारा बोअर म्हणजे काय, हे बंदूक बाळगणाऱ्यांपैकीही पुष्कळांना सांगता येत नाही : एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक जेवढ्या व्यासाची, तेवढे नळीचे पोट, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. शंभर वर्षांत गंज काढण्यासाठी नळी आतून घासतात आणि बाहेरूनही घासतात. दर खेपेला भिंत पातळ होते. इंग्रज कारागिरांचा जुना दंडक असा, की एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले निदान वीस भाग, म्हणजे अर्धा मिलिमीटर, एवढी जाडी सर्वांत पातळ जागीही उरलेली असावी. आणि काडतुसाच्या जवळ ती याहून कितीतरी जास्त हवी, कारण दाब तिथे असतो. नळी फुटते ती बहुधा काडतुसाच्या घरापुढे, म्हणजे नेमका डावा हात धरलेला असतो तिथे. मी डाव्या हाताने तंबोऱ्याशी नाही, पण पेटीच्या भात्याशी जन्म काढला आहे. हे ऐकून मी तो हात नकळत खिशात घातला.

मोजणी झाली. उजवी नळी चांगली निघाली. डाव्या नळीत गंजाचे खळगे होते, पण ते तोंडाकडच्या भागात. मुळाशी भिंत भरपूर. घासून सपाट करण्याच्या भानगडीत मिस्त्री पडले नाहीत. "दाग रहने दो, दीवार बचाओ," असे म्हणाले. नवशिक्या गवयाला आवाजातली खर काढायची घाई असते, आणि त्या घाईत आवाजच जातो. शिकवताना मी हे सांगतो. इथे मला ते ऐकवले गेले.

मग नळ्या मागच्या पोलादी भिंतीला नीट टेकतात की नाही, ते पाहिले. पातळ कागदाचा कपटा मधे ठेवून बंदूक मिटायची आणि कागद ओढायचा. आमचा कागद सहज निसटला. म्हणजे ज्या खिळीवर नळ्या उघडमीट होतात ती झिजली होती. ती भरून घ्यावी लागली. डाव्या घोड्याची कमान मोडली होती. नवी घडवून, तापवून, तेलात विझवून, पुन्हा निळसर रंग येईपर्यंत मंद तापवून बसवली. दस्ता अक्रोडाचा, शंभर वर्षांच्या तेलाने काळाठिक्कर पडलेला. त्यावर खडूची पूड पुन्हा पुन्हा चोपडून तेल शोषून घेतले आणि मग जवसाच्या तेलाचा हात रोज एकदा, असा महिनाभर दिला. हा भाग मिस्त्रींनी माझ्यावर सोपवला. बायको म्हणे, एवढ्या निगुतीने कधी दाराला रंग दिला नाहीत!

काळा रंग उतरवल्यावर वरच्या पट्टीवरची अक्षरे दिसू लागली. दुकानदाराचे नाव झिजून गेले आहे, पण शेवटचा शब्द 'कलकत्ता' असा स्पष्ट आहे. त्या काळी मँटन, रॉडा, लायन अँड लायन अशा कलकत्त्याच्या पेढ्या विलायतेहून बंदुका आणवून त्यांवर आपले नाव घालून संस्थानिकांना आणि सरदारांना विकीत. रॉडाचे नाव वाचकांना आठवत असेल. १९१४ च्या ऑगस्टमध्ये त्याच पेढीचे माउझर पिस्तुलांचे खोके बंगालच्या क्रांतिकारकांनी भर दिवसा पळवले होते. आमची बंदूक कोणत्या पेढीची, ते सांगता येत नाही, आणि मी ओढून ताणून सांगणारही नाही.

नळ्यांच्या पोटाशी मात्र शिक्के आहेत : मुकुट आणि त्याखाली एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड. हे बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे. तिथे १८१३ च्या कायद्यापासून प्रत्येक नळी नेहमीहून जास्त दारू भरून उडवून पाहत आणि जी टिकेल तिच्यावर शिक्का मारीत. पण ती कसोटी काळ्या दारूची होती. धूर न करणारी आजची दारू वेगळी. तिची कसोटी ज्या नळ्यांनी दिली त्यांच्यावर वेगळी खूण असते, आणि ती आमच्या नळ्यांवर नाही. शिवाय जुन्या नळीत काडतुसाचे घर अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आज बाजारात ७० मिलिमीटरचीही काडतुसे असतात, आणि गंमत अशी की ती जुन्या नळीत निमूट शिरतात. कारण ७० हे माप उडाल्यावर उलगडलेल्या काडतुसाचे. बार होताना त्याचे तोंड उलगडायला जागा मिळत नाही, ते पुढच्या अरुंद भागात घुसते आणि दाब वाढतो. घरोघरी 'बारा बोअर म्हणजे बारा बोअर' असे म्हणून जी काडतुसे आजोबांच्या बंदुकीत घातली जातात, त्यांच्याविषयी मिस्त्री फार तळमळीने बोलले. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसे वडिलांच्या कपाटात निघाली. माल उत्तम, पण या नळ्यांसाठी नव्हे. ती मी विक्रेत्याच्या स्वाधीन केली.

विलायतेत यावर एक उपाय करतात. जुन्या नळ्या मुळाशी चारेक इंच ठेवून कापतात आणि त्यांत नव्या पोलादी नळ्या बसवतात. पुन्हा कसोटी घेतात, आणि तसा शिक्काही मारतात. मग कोणतेही योग्य मापाचे काडतूस चालते. मिस्त्रींनी हा मार्ग माझ्यापुढे ठेवला तेव्हा मी दोन रात्री विचार केला. बंदूक 'उपयोगी' झाली असती. पण ती लाटांची नक्षी, तो पीळ, सारे भंगारात गेले असते. मी नको म्हटले. ज्या दारूची तिने परीक्षा दिली तीच तिला द्यायची : काळी, आणि तीही हलक्या मात्रेत. ठासणीच्या बंदुकांसाठी ही दारू आजही परवान्यावर मिळते.

यानंतर 'एंटीक' लिहवून घेण्याचा प्रश्नच उरला नाही. दुरुस्तीने चालू लागलेली वस्तू मृत म्हणून नोंदवायची कशी? मी वारस म्हणून रीतसर अर्ज केला, हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षण घेतले, पोलिसांची चौकशी झाली. थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरांतला एक शिपाई घरी आला तेव्हा आत यमन चालू होता, तो दारात उभा राहून म्हणाला, "बंदूक किसके लिए चाहिए, मास्टरजी?" मला पटकन उत्तर देता आले नाही.

खरेच, कशासाठी? शिकार तर १९७२ च्या कायद्याने संपली; ज्या शिवपुरीच्या रानात शिंदे सरकारच्या शिकारी होत, तिथे २०२३ मध्ये वाघ मुद्दाम आणून सोडले आहेत. लग्नातला बार २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा झाला आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड. पुतण्याला मी कलम दाखवले. तो रुसला; लग्नात त्याने बँड लावला, आणि तो इतका बेसूर होता की मला दोन बार परवडले असते. चोरांची भीती म्हणावी तर आमच्या घरातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे तंबोरा, आणि तो कोणी चोरीत नाही. अर्जात मी 'खेळ' असे लिहिले. शिपायाला सांगितले, "वडिलांची आहे." त्याने ते लिहून घेतले नाही, पण मान हलवली.

परवाना हाती आला, तेव्हा चाचणीची रीतसर परवानगी असलेल्या जागी आम्ही गेलो. बंदूक जुन्या टायरला घट्ट बांधली, चापाला लांब दोरी लावली, आणि मिस्त्री व मी मातीच्या बांधामागे बसलो. आधी उजवी, मग डावी. आजच्या काडतुसाचा आवाज कडक, टाळी वाजल्यासारखा येतो. हा तसा नव्हता. खर्जातला, रुंद, पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओल्या कणकेने भरलेली थाप पडावी तसा. मागोमाग पांढरा धूर आणि गंधकाचा वास. धूर विरेपर्यंत मिस्त्री हलले नाहीत. मग त्यांनी नळ्या काढून मोजल्या, कागद मधे धरून ओढून पाहिला. कागद फाटला, पण निसटला नाही.

काळ्या दारूची राख ओल धरते. त्याच दिवशी धुतली नाही तर नळी रात्रीत गंजते. मिस्त्रींनी चहाच्या किटलीतले उकळते पाणी दोन्ही नळ्यांतून ओतले, गजाला चिंधी लावून त्या कोरड्या केल्या, तेलाचा हात दिला आणि तीच दोरी काढून हुकाला टांगल्या. या वेळी त्यांनी बोट पुढे केले नाही. मला खूण केली.

मी टिचकी मारली. नाद निघाला, आणि मनात सहा मोजेपर्यंत राहिला. मी खिशातली सूरपट्टी काढून ताडून पाहिली. काळी पाचच्या जरा खाली होता.

"चढ़ा हुआ है कि उतरा?" मिस्त्रींनी विचारले.

"थोड़ा उतरा है," मी म्हटले.

"तो रहने दो," ते म्हणाले आणि दिवा मालवून दुकान बंद करू लागले.